घ्यावी की बांधावी?

सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणतीही गोष्ट करावयाची झाली की तो आधी तिच्यावर टिपण लिहितो. आम्ही १९८३ साली आंध्र प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो, २०१४ साली खुर्ची न हलवता तेलंगण शासनाचे झालो, आणि २०१९ साली निवृत्त होऊन बासरला वडिलांच्या घरी येऊन राहिलो. खुर्ची सुटली, खोड सुटली नाही. मागच्या दसऱ्यानंतर आम्ही एक शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले : ‘विषय – स्थिर चाकाची सायकल विकत घ्यावी की घरी बांधून घ्यावी, याबाबत.’ सौभाग्यवतींनी वहीत डोकावून विचारले, “आणि मुळात हवीच कशाला, हा विषय कितव्या पानावर आहे?”

त्याचे उत्तर आमच्यापाशी होते, पण ते टिपणात बसणारे नव्हते.

झाले होते असे. आमचे चिरंजीव हैदराबादला नोकरी करतात. दसऱ्याला ते आले, तेव्हा मोटारीच्या टपावर एक सायकल बांधून आणली होती. सडसडीत, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. ज्ञानसरस्वतीच्या देवळाकडून गोदावरीच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी गर्दी व्हायच्या आत आम्ही ती मागून घेतली. साठी ओलांडली असली तरी सायकल आम्हांला परकी नव्हती. बासरची आमच्या वयाची सारी मुले आधी हाफ पायडल आणि मग टांग मारून सायकल शिकलेली. बसलो, दहा-पंधरा पायडले मारली आणि सवयीप्रमाणे पाय थांबवले. पाय थांबले, पण पायडल थांबले नाही. त्याने आमचा उजवा पाय असा काही वर फेकला की सीटवरून आम्ही वीतभर उडालो. चिरंजीव मागून ओरडले, “बाबा, थांबू नका, फिरवत राहा!”

ज्या सायकली आपण आयुष्यभर चालवतो, त्यांच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते. त्याच्या पोटात दोन लहानशा खिट्ट्या असतात आणि त्यांना मागून स्प्रिंग असते. पायडल पुढे मारले की खिट्ट्या दात्यांत अडकतात आणि चाक फिरते. पाय थांबवले की त्या दात्यांवरून घसरत जातात. उतारावर जे टिक्-टिक् ऐकू येते, तो त्यांचाच आवाज. स्थिर चाकाच्या सायकलीत ही सोय नाही. मागचे दातेरी चक्र चाकाच्या हबवर पक्के बसवलेले असते. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरते आहे तोवर पाय फिरणार. वेग कमी करावयाचा तर पायांनीच चाकाला मागे रेटावे लागते. चालताना जसे आपण आपल्याच पायांनी थांबतो, तसे.

ही काही नवी टूम आहे असे आम्हांला वाटले होते. पण वाचले तेव्हा कळले की मूळची सायकल हीच. इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीने १८८५ साली साखळीची, दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आणली, तिला फ्रीव्हील नव्हते. डनलॉपची हवेची धाव १८८८ ची. त्याच साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी इथवर गेलेल्या उद्योगाचा तो आरंभ. फ्रीव्हील सर्रास झाले ते एकोणिसावे शतक सरताना. म्हणजे बेळगावात जे पहिले मराठी पाय पायडलावर पडले, ते न थांबणाऱ्या पायडलावरच पडले असणार. आज ही जात शर्यतीच्या ट्रॅकवर टिकून आहे. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात २००२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी सायकलींचा उतरता ट्रॅक बांधला गेला. अशा ट्रॅकवर स्थिर चाकाची आणि ब्रेक नसलेलीच सायकल चालते, कारण तिथे कोणी अचानक थांबला तर मागचे सारे त्याच्यावर येऊन पडतात. रस्त्यावर मात्र निदान पुढचा ब्रेक असलाच पाहिजे, एवढी अक्कल चिरंजीवांना होती.

त्या सकाळी दुसऱ्या खेपेला आम्ही घाटापर्यंत गेलो आणि परत आलो. एवढ्या अंतरात आमच्या मनात महागाई भत्ता आला नाही, गुडघा आला नाही, शेजाऱ्याचे कुंपण आले नाही. पायांकडे लक्ष द्यावे लागत होते, आणि लक्ष दुसरीकडे न जाणे हे निवृत्त माणसाला किती दुर्मिळ असते ते निवृत्तांनाच ठाऊक. हवीच कशाला, याचे उत्तर ते.

आता घ्यावी की बांधावी.

चिरंजीवांचे मत विकत घ्यावी असे. त्यांचे मुद्दे आम्ही वहीत क्रमाने नोंदवले. तयार सायकलीची चौकट याच कामासाठी आखलेली असते. वळण घेताना साध्या सायकलीवर आपण आतल्या बाजूचे पायडल वर धरून ठेवतो. इथे ते धरता येत नाही, म्हणून पायडलाची आख जमिनीपासून जरा उंच लागते, नाही तर पायडल रस्त्याला टेकते आणि माणूस पडतो. मागच्या हबवर दोन वेगळ्या आट्या असतात : एक दातेरी चक्रासाठी, नेहमीसारखी उजवी, दुसरी त्याला आवळणाऱ्या कड्यासाठी, उलटी. पायांनी मागे रेटले की चक्र सैल होऊ पाहते, तेव्हा कडे अधिकच घट्ट होते. हे सारे कारखान्यातून बसून येते, हमी मिळते, आणि आठ दिवसांत घरपोच. किंमत ऐकून आम्ही पेन खाली ठेवले होते, पण मुद्दे निर्दोष होते.

बांधण्याची कल्पना चिरंजीवांनी काढली नाही, आम्हीही नाही. ती ओसरीच्या भिंतीने काढली. तिथे दोन खुंट्यांवर आमच्या वडिलांची, आण्णांची, सायकल टांगलेली आहे. हर्क्युलीस, काळी, साखळीवर पत्र्याचे झाकण, दांडीचे ब्रेक. चिरंजीवांनी सहज वर पाहिले आणि म्हणाले, “बाबा, हिची मागची खाच आडवी आहे. हिच्यापासून होऊ शकेल.”

खाचेचे महत्त्व असे. फ्रीव्हील नसलेल्या सायकलीची साखळी नेमकी ताणलेली हवी. ती सैल असली तर पुढे-मागे जोर देताना झटका बसतो आणि उतरलीच तर चाक जागीच अडकते. तेव्हा मागचे चाक पुढे-मागे सरकवता आले पाहिजे. आजच्या बहुतेक गिअरच्या सायकलींची खाच उभी असते, त्यांत हे जमत नाही. जुन्या सायकलींत जमते. शिवाय चौकट लोखंडी. नवा हब जरा रुंद असला तरी ती थोडी फाकवता येते.

आम्ही धर्माबादच्या उस्तादांना बोलावले. धर्माबाद मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. आमच्यापासून जवळच, पण महाराष्ट्रात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धर्माबाद आणि बासर दोन्ही नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातच होती. राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्रात गेली, धर्माबाद नांदेडकडे राहिले. आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्याचे झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ पासून निर्मळ जिल्ह्याचे. गाव मात्र गोदावरीच्या काठी होते तिथेच आहे आणि सायकल बिघडली की आम्ही अजून तालुका फुटलाच नाही अशा थाटात धर्माबादेस जातो.

उस्तादांनी सायकल खाली न काढताच खालून पाहिली. आम्ही सुचवले की फ्रीव्हीलला वेल्डिंगचा टाका मारून ते जाम करून टाकू. काम स्वस्तात होईल. उस्तादांनी कानाला हात लावला. “नक्को साब. उलटा जोर पडा तो टाका टूटता. तुम रुकने कू देखते, गाडी रुकती नै.” साध्या हबवर नुसते चक्र बसवून वरून कडे आवळण्याची युक्तीही त्यांना मान्य नव्हती, त्या हबला उलटी आटी नसते, तेव्हा कडे आणि चक्र दोन्ही जोडीने सुटतात. हब नवा घ्यावा लागेल. नव्या हबला बत्तीस किंवा छत्तीस भोके, आणि आण्णांच्या मागच्या रिमला चाळीस, पुढच्या रिमला बत्तीस, अशी ती जुनी इंग्रजी पद्धत. म्हणजे मागची रिमही नवी. रिम नवी, तर दांडीचा मागचा ब्रेक तिला लागणार नाही. तो काढावा लागेल. पुढचे चाक आणि पुढचा ब्रेक राहील. क्रँकच्या कॉटर पिना झिजल्या आहेत, त्या बदलाव्या लागतील. साध्या सायकलीत तेवढी ढिलाई कळत नाही, इथे प्रत्येक रेट्याला खट् होईल. पायडल जमिनीला लागण्याची भीती राहीलच. वळणावर सावकाश जावे, हा त्यावर त्यांचा तोडगा.

आम्ही हिशेब मांडला. पुढच्या चक्राचे दाते चव्वेचाळीस, मागच्याचे अठरा. पायडलाच्या एका फेऱ्यात आण्णांची सायकल सुमारे साडेपाच मीटर जाई. आमच्या गुडघ्यांसाठी मागे वीस दाते घेतले आणि नवे चाक किंचित लहान धरले तर पावणेपाच मीटर. खर्च नव्या सायकलीच्या निम्म्याहून कमी, वेळ महिन्याचा, धोका थोडा अधिक. टिपणाच्या शेवटी आम्ही शिफारस लिहिली : ‘सुरक्षितता, हमी व कालबचत विचारात घेता तयार सायकल खरेदी करणे उचित होईल.’ खाली रेघ ओढली आणि वही सौभाग्यवतींपुढे ठेवली.

त्यांनी सगळे वाचले. मग म्हणाल्या, “विकतच घ्या. माझी हरकत नाही. पण यात खरे कारण लिहिलेले नाही.”

खरे कारण त्यांना चाळीस वर्षे ठाऊक होते. चिरंजीवांना नव्हते. ते इथे लिहितो.

आण्णा पटवारी होते. वंशपरंपरेचे काम. निजामाच्या काळात उर्दू आणि मोडी, नंतर पस्तिशी जवळ आल्यावर मुलाच्या पाटीवर गिरवून शिकलेली तेलुगू. त्यांच्या अंमलाखालची शिवारे त्यांनी याच सायकलवर पालथी घातली. कॅरिअरला दप्तराचा बस्ता, हँडलला पिशवी. जानेवारी १९८४ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या शासनाने वटहुकूम काढून पटेल-पटवाऱ्यांची पदे रद्द केली. ज्याच्या दप्तरात जमिनीची नोंद, त्याच्या मुठीत गावाची मान, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात जुलूम होता, आणि स्वतःच्या घराविषयी लिहितानाही आम्ही ते नाकारणार नाही. निर्णय योग्य होता, असे आमचे तेव्हा मत होते आणि आजही आहे.

गावोगावची दप्तरे ताब्यात घेण्यासाठी कचेरीत टेबले मांडली होती. त्यांतल्या एका टेबलाशी आम्ही होतो. नोकरीला वर्षही झाले नव्हते. आण्णा रांगेत आले. वय सत्तावन्न, खांद्यावर उपरणे, काखेत बस्ता. त्यांच्या पुढच्या चौघांना आम्ही बसा म्हटले नव्हते, म्हणून त्यांनाही म्हटले नाही. पक्षपात दिसू नये. यादी वाचली. पहाणीपत्रके, वसुलीच्या वह्या, गावाचा नकाशा. एकेक कागद बरोबर होता. ‘इथे सही करा’ असे आम्ही त्यांना म्हणालो, तेलुगूत, कारण रांगेतल्या साऱ्यांना तसेच म्हणत होतो. त्यांनी सही केली. आम्ही पोच दिली. ती घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि म्हणाले, “येतो साहेब.” त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता, रांगेतले सगळे तसेच म्हणून जात होते. आम्ही खुर्चीवरून उठलो नाही. पुढचा माणूस आला.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो, तेव्हा सायकल खुंट्यांवर होती. १९९९ साली आण्णा गेले. त्या पंधरा वर्षांत ते जिथे गेले तिथे पायी गेले. त्या दिवसाविषयी ते काही बोलले नाहीत. आम्हीही नाही. दर दिवाळीला आम्ही सायकल टांगल्या जागीच पुसली, खाली काढली नाही. तयार सायकलीच्या बाजूचे आमचे सारे मुद्दे खरे होते. फक्त ते लिहिण्यामागचे कारण हे होते की बांधावयाची तर ती खाली काढावी लागेल.

चिरंजीवांनी हे ऐकून घेतले आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पण बाबा, आजोबांचे फ्रीव्हील, कॅरिअर सगळे काढायचे म्हणजे सायकल त्यांची कुठे राहील?” हा मुद्दा वहीत नव्हता आणि तोच सर्वांत वजनदार होता. त्यावर तोड आम्हांला नोकरीतच सापडली. सरकारी माणूस प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या खात्यात जातो, तेव्हा मूळ पदावरचा त्याचा हक्क शाबूत असतो. आम्ही ठरवले की काही कापावयाचे नाही, घासावयाचे नाही, रंगवावयाचे नाही. जे काढू ते पुन्हा बसेल असेच काढू. चौकट फाकवावी लागली ती एवढीच, की पुन्हा दाबून बसवता येईल.

शिफारशीवर काट मारली आणि खाली लिहिले : ‘बांधावी.’

मार्गशीर्षात एका सकाळी आम्ही आणि चिरंजीवांनी मिळून सायकल खाली घेतली. ती वाटली होती त्याहून जड होती. मागचे चाक, फ्रीव्हील, साखळीचे झाकण, कॅरिअर, मागच्या ब्रेकच्या दांड्या, हे सारे तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले आणि वर यादी बांधली. यादी मराठीत लिहिली. उस्तादांनी तीन फेऱ्यांत काम पुरे केले. नवे चाक विणताना एकेक तार ते बोटाने वाजवून पाहत होते; सुरात नसलेली तार पुन्हा आवळत होते. साखळी ताणून त्यांनी चाक हवेत फिरवले. पायडले त्याच्याबरोबर फिरत राहिली, कोणी बसलेले नसताना. “अब तुम जानो, साब,” म्हणाले.

आम्हांला शिकायला पंधरवडा लागला. चढण सोपी, सरळ रस्ता त्याहून सोपा. अवघड ते थांबणे. दुरून अंदाज घ्यावा लागतो, पाय हळूहळू जड करावे लागतात, गाय मध्ये आली तर पुढचा ब्रेक. आणि उतरणे. स्थिर चाकाच्या सायकलीवरून पूर्वी लोक ज्या रीतीने उतरत, ती चिरंजीवांनी शोधून सांगितली : वेग अगदी मंदावू द्यावा आणि एक पायडल खालून वर येऊ लागले की त्यावर भार द्यावा. चाकच माणसाला सीटवरून उचलते. दुसरा पाय फिरवून घेतला की आपण जमिनीवर उभे. पहिल्या आठवड्यात आम्ही दोनदा पडलो. सौभाग्यवतींनी हळद लावली आणि वहीत ‘अपघात’ या शीर्षकाखाली नोंद करण्याची आठवण केली.

यंदाच्या वसंत पंचमीला बासरात नेहमीप्रमाणे पाय ठेवायला जागा नव्हती. दूरदूरचे आईबाप लेकरांना अक्षराभ्यासासाठी घेऊन येतात. पाटी, तांदूळ, हातात पेन्सिल, आणि पुजाऱ्याने धरलेला इवलासा हात. पहाटे गर्दी व्हायच्या आत आम्ही घाटापर्यंत जाऊन परत निघालो होतो. वाटेत उजव्या हाताला आण्णांच्या वेळचे एक शेतकरी बसले होते, नव्वदीच्या पलीकडचे. त्यांनी आधी सायकल ओळखली, मग आम्हांला. “पटवारी साहेबांची गाडी,” ते तेलुगूत म्हणाले, आणि काठी टेकून उठू लागले.

आम्ही पाय जड केले. सायकल मंदावत त्यांच्यापाशी आली, डावे पायडल खालून वर आले, त्याने आम्हांला सीटवरून उचलले आणि ते पुरते उठायच्या आत आम्ही त्यांच्यापुढे उभे होतो. “बसा,” आम्ही म्हणालो, “तुम्ही बसा.”